बॅटरीवरची स्मार्ट माळ दर दिवाळीत दगा का देते

वसुबारसेला आकाशकंदिलात स्मार्ट माळ सोडायची, पॉवर बँक जोडायची, मोबाइलवरून रंग बदलून समोरच्या बिल्डिंगला दाखवायचे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी ॲप उघडावं तर ‘डिव्हाइस ऑफलाइन’ आणि गॅलरीत अंधार. पॉवर बँक रात्रभर चार्ज करून पुन्हा लावली की एक-दोन दिवसांत परत तेच. गणपतीत मखरामागे लावलेल्या माळेचीही हीच रड. गॅलरीत प्लग पॉइंट नसलेल्या घरांत, त्यातही भाड्याच्या, म्हणजे भिंतीला भोक पाडायची सोय नाही अशा घरांत हा प्रकार दर वर्षी ठरलेला असतो.

माळ विकणारा पॉवर बँकेला नावं ठेवतो आणि पॉवर बँक विकणारा माळेला. बहुतेक वेळा दोन्ही वस्तू धडधाकट असतात, त्यांचं एकमेकींशी जमत नाही इतकंच. पॉवर बँक बनली आहे मोबाइलसाठी. मोबाइल तास-दोन तास भरपूर करंट ओढतो आणि पोट भरलं की थांबतो. स्मार्ट माळ थोडा-थोडा करंट ओढते आणि कधीच थांबत नाही, कारण दिवे विझलेले असले तरी तिच्या कंट्रोलरला तुमच्या फोनचा हुकूम ऐकण्यासाठी जागं राहावं लागतं. पुढच्या बहुतेक तक्रारींचं मूळ इथे आहे.

आधी अडॅप्टर उलटा करून बघा

काहीही जोडण्याआधी माळेबरोबर आलेल्या अडॅप्टरवरची बारीक अक्षरं वाचा. ‘आउटपुट’च्या पुढे ५ व्होल्ट असेल किंवा माळेला सरळ यूएसबीची पिन असेल, तर पॉवर बँकेवर चालेल. १२, २४ किंवा ३१ व्होल्ट असेल तर पॉवर बँकेचा नाद सोडा. ५ चे १२ व्होल्ट करणारी राउटरची केबल मिळते, पण तिचा जीव राउटरपुरता. १२ व्होल्ट १ अँपिअरची माळ म्हणजे १२ वॅट. तेवढे ५ व्होल्टवरून काढायचे तर होणारा तोटा धरून अडीच अँपिअरहून जास्त ओढावे लागतात. ती केबल गरम होते आणि पॉवर बँक मान टाकते.

तिसरा प्रकार पेन्सिल सेलच्या डबीवर चालणाऱ्या माळांचा. त्यांच्याकडे नंतर येतो.

लावली की अर्ध्या मिनिटात विझते

हे पॉवर बँकेचं काम. करंट ठरावीक पातळीच्या खाली गेला की ती समजते, फोन भरला किंवा केबल काढली, आणि स्वतःला बंद करते. ही पातळी प्रत्येक कंपनीची वेगळी, पण साधारण ५० ते १०० मिलिअँपिअरच्या आसपास असते. तांब्याच्या तारेची बारीक दाण्यांची माळ, ब्ल्यूटूथ कंट्रोलर आणि ब्राइटनेस १० टक्के असा संसार असेल तर करंट त्याखाली सहज जातो.

खात्री करणं सोपं आहे. ब्राइटनेस पूर्ण वाढवा, रंग पांढरा ठेवा आणि पाच मिनिटं थांबा. तेव्हा विझत नसेल आणि मंद केल्यावरच विझत असेल, तर दोष सापडला. काही पॉवर बँकांत बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड सुरू होतो. तो इअरफोन आणि फिटनेस बँड चार्ज करण्यासाठी दिलेला असतो, माळेलाही चालतो. मात्र काही मॉडेलांत तो दोन तासांनी आपोआप सुटतो. म्हणजे सातला लावलेला कंदील नऊच्या सुमाराला गेला तर घाबरू नका, पुन्हा दोनदा दाबा. हा मोड नसेल तर ब्राइटनेस थोडा वाढवून ठेवणं हा बिनखर्चाचा उपाय. दुसऱ्या पोर्टला छोटा यूएसबी दिवा लावून करंट वाढवायचा सल्ला सर्रास दिला जातो. चालतो तो, पण ज्या बॅटरीला आपण पुरवून वापरतोय तीच दुसऱ्या हाताने उधळायची, हे मला पटत नाही.

संध्याकाळी भरलेली पॉवर बँक दुसऱ्या संध्याकाळी रिकामी

ही खरी मोठी तक्रार, आणि हिच्यासाठी थोडं गणित करावंच लागतं.

पॉवर बँकेवर १०,००० एमएएच (मिलिअँपिअर-अवर, म्हणजे किती करंट किती तास पुरेल याचं माप) लिहिलेलं असतं ते आतल्या लिथियम सेलच्या ३.७ व्होल्टवरचं. म्हणजे एकूण ऊर्जा ३७ वॅट-अवर. माळेला लागतात ५ व्होल्ट. तेवढे करताना व्होल्टेज वाढतं, एमएएच कमी होतात, वर थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते. हातात पडतात ६,००० च्या आसपास. मागच्या बाजूला ‘रेटेड कपॅसिटी’ म्हणून बारीक आकडा छापलेला असतो, तो हाच. हिशेब नेहमी त्यावर करायचा.

आता माळ. पन्नास दिव्यांची, प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलणारी वायफायवाली माळ घेऊ. असल्या माळांत बहुतेक वेळा डब्ल्यूएस २८१२ जातीचे दिवे असतात. त्यांच्या प्रत्येक दाण्यात एक इवलीशी चिप असते आणि दिवा काळा असला तरी ती चिप जवळपास १ मिलिअँपिअर खाते. पन्नास दाण्यांचे झाले ५०. वायफाय कंट्रोलर राउटरशी जोडलेला असताना सरासरी ८० धरा. म्हणजे ॲपमधून माळ ‘ऑफ’ केल्यावरही १३० मिलिअँपिअर चालूच. मंद पिवळसर रंगात माळ लावली की सगळं मिळून साधारण ४५०.

संध्याकाळी सहा ते अकरा, पाच तास: २,२५० एमएएच. उरलेले एकोणीस तास ॲपमधून बंद: २,४७० एमएएच.

दिवे लागलेले असताना जेवढं खर्च झालं त्यापेक्षा जास्त दिवे विझलेले असताना गेलं! रिक्षा दारात उभी करून ठेवली तरी मीटर पडत राहतो, तसं. दोन्ही मिळून दिवसाला ४,७२०, आणि बँकेत ६,०००. वसुबारसेला लावलेली माळ धनत्रयोदशीला का जाते, ते इथे कळतं.

तेव्हा बॅटरीवरच्या माळेला रात्री ॲपमधून बंद करू नका, वीजच तोडा. पॉवर बँकेतून पिन काढा, किंवा मध्ये ऑन-ऑफ बटण असलेली यूएसबी केबल घाला. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला ती सहज मिळते, ऑनलाइनही मिळते. एवढ्या एका बदलाने वरचीच माळ त्याच बँकेवर दोन संध्याकाळी पूर्ण आणि तिसरी अर्ध्याहून जास्त चालते. नवी बँक घेण्याआधी हे करून बघा.

यावर लगेच येणारा प्रश्न: मग वेळापत्रकाचं काय? ॲपमध्ये ‘संध्याकाळी ६ ला चालू’ असं लावलेलं, वीजच नसेल तर कोण चालू करणार? कोणीही नाही. बॅटरीवर वेळापत्रक ही चैन परवडत नाही. त्याऐवजी सेटिंगमध्ये ‘वीज आल्यावर काय करायचं’ असा पर्याय शोधा आणि तिथे ‘आधीची स्थिती’ निवडा. मग बटण दाबलं की काल रात्रीचाच रंग लागतो, फोन हातात घ्यावाही लागत नाही. फक्त आदल्या रात्री माळ ॲपमधून ‘ऑफ’ केलेली नसावी, नाहीतर ती इमानदारीने तीच स्थिती आठवते आणि अंधारात बसते. मग लोक म्हणतात, बिघडली.

बॅटरीवरच लावायची हे आधीपासून ठरलेलं असेल तर वायफायवाली घेऊच नका, ब्ल्यूटूथवाली घ्या. तिचा कंट्रोलर वायफायच्या मानाने फारच थोडा करंट खातो. दुसऱ्या गावाहून कंदिलाचा रंग बदलता येणार नाही, हे खरं. पण अशी वेळ कितीजणांवर येते?

टोकाचे दिवे पिवळट-तांबूस, निळा रंग मरतुकडा

पांढरा रंग लावल्यावर माळेची सुरुवात पांढरीशुभ्र आणि शेवट पिवळट किंवा लालसर दिसत असेल, तर दिवे उडालेले नाहीत, व्होल्टेज पोचत नाहीये. लाल एलईडीला साधारण २ व्होल्ट पुरतात, निळ्या-हिरव्याला ३ च्या वर लागतात. व्होल्टेज घसरलं की आधी निळा मार खातो, आणि पांढऱ्यातून निळा गेला की उरतो पिवळा-तांबडा. बॅटरी अर्धी असताना हे दिसलं तर लोक बॅटरीला दोष देतात. पण पॉवर बँक शेवटपर्यंत ५ व्होल्टच देते, नाहीतर एकदम बंद होते. हळूहळू मंद होत जाणं तिच्या स्वभावात नाही.

बहुधा चोर असतो केबल. स्वस्त चार्जिंग केबलमध्ये २८ गेजची बारीक तार असते. तिचा रोध मीटरला ०.२१ ओहम. दीड मीटरच्या केबलमध्ये जाणारी आणि येणारी मिळून तीन मीटर तार, म्हणजे सुमारे ०.६४ ओहम. १ अँपिअर ओढला की ०.६४ व्होल्ट केबलमध्येच गडप. माळेच्या तोंडाशी ४.३६ पोचले, पुढे माळेची स्वतःची तार आहेच. उपाय: केबल आखूड आणि जाड घ्या, आणि पॉवर बँक माळेजवळ ठेवा. खोलीतल्या टेबलावर बँक आणि तिथून एक्स्टेंशन लावून गॅलरीत माळ, ही रचना हमखास फसते. लांब माळ असेल तर तिच्या दुसऱ्या टोकालाही त्याच बँकेतून ५ व्होल्ट द्यावे लागतात. सोल्डरिंगचा हात असेल तरच त्या भानगडीत पडा. नाहीतर ब्राइटनेस निम्मा करा, करंट उतरतो आणि रंगही सुधारतो. पांढऱ्याचा हट्टही सोडता येईल. पूर्ण पांढऱ्याला तिन्ही रंग लागतात आणि एका दाण्याला ६० मिलिअँपिअरपर्यंत जातात. केशरी किंवा लाल रंग निम्म्यात भागवतो, आणि कंदिलात तोच शोभतो.

दोन-तीनशे रुपयांचा यूएसबी टेस्टर घरात ठेवा. बँक आणि केबलच्या मध्ये तो लावला की व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दिसतात. मग तोच केबलच्या दुसऱ्या टोकाला लावायचा. दोन आकड्यांतला फरक केबलने खाल्ला.

मध्येच लुकलुकते, पुन्हा सुरू होते, पेअरिंग मागते

वायफाय कंट्रोलर सरासरी ८० मिलिअँपिअर खात असला तरी संदेश पाठवताना क्षणभर दोन-तीनशेपर्यंत उसळी मारतो. त्याच क्षणी माळ पांढऱ्यावर गेली तर व्होल्टेज खाली बसतं, कंट्रोलर बेशुद्ध पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. टेस्टर सरासरी दाखवतो, त्यामुळे ही उसळी त्यावर दिसत नाही. लक्षण असं ओळखा: एका रंगावर स्थिर असताना बरी चालते, पॅटर्न लावला किंवा ॲप उघडलं की दगावते. केबल बदलणं हा पहिला उपाय. हौशी लोक कंट्रोलरच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंडवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावतात, त्यानेही फरक पडतो. त्याची प्लस-मायनस बाजू मात्र नीट बघून लावा.

दुसरं कारण जास्त गमतीचं. पॉवर बँक चार्जरला लावलेली आणि तिच्यातूनच माळ चाललेली, म्हणजे घरगुती यूपीएस, अशी युक्ती बरेचजण करतात. लोडशेडिंगला वीज गेली की बऱ्याच बँका चार्जिंगमधून बॅटरीवर येताना आउटपुट क्षणभर तोडतात, वीज आली की परत तोडतात. माळ प्रत्येक वेळी नव्याने सुरू होते. आणि काही कंट्रोलरांत लागोपाठ तीन-चार वेळा वीज गेली-आली की ‘मालकाला नव्याने जोडायचंय’ असं समजून पेअरिंग सुरू करायची पद्धत असते. वीज चार वेळा येऊन-जाऊन करते आणि माळ तुमचं घरच विसरते. अशी माळ आणि अशी बँक एकत्र नांदवू नका. दोन बँका ठेवा, एक माळेला आणि एक चार्जिंगला, रोज अदलाबदल.

अजिबात लागतच नाही

बँक भरलेली, माळ नवी, केबल नवी, तरी अंधार. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल आहे का बघा. टाइप-सी पोर्ट समोरच्या वस्तूत ठरावीक रेझिस्टर सापडल्याशिवाय वीज सोडत नाही, आणि स्वस्त माळांच्या टाइप-सी तोंडात तो रेझिस्टर घालायचे पैसे वाचवलेले असतात. एका टोकाला जुनी चौकोनी यूएसबी पिन असलेली केबल वापरा, त्याच बँकेवर लागेल. माळ परत पाठवण्याआधी हे जरूर करून बघा.

‘ऑफलाइन’

बॅटरी ठीक असून ॲप ओळख देत नसेल तर कारणं नेहमीचीच. माळेला २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय लागतं, ५ चं दिसतच नाही. घरची वीज गेली की राउटर जातो आणि बॅटरीवरची माळ लागलेली असूनही बोलत नाही. एक कारण मात्र कंदिलाचं खास: चकचकीत मेटॅलिक कागदाचा कंदील केला आणि कंट्रोलर त्याच्या आत ठेवला, तर तो कागद रेडिओ लहरी अडवतो, वर गॅलरीची लोखंडी जाळी. कंट्रोलर कंदिलाच्या बाहेर काढून खोलीच्या बाजूला लटकवा. जिलेटिन किंवा साध्या पतंगी कागदाला हा त्रास नाही.

पेन्सिल सेलची डबी

घड्याळाला घालतो ते साधे स्वस्त सेल इथे घालू नका. ते झिंक-कार्बनचे असतात, घड्याळाच्या चिमूटभर करंटला वर्षभर पुरतात, माळेच्या करंटला लगेच धापा टाकतात. अल्कलाइन घ्या. रिचार्जेबल निकेल सेल घालताना व्होल्टेज मोजा. साधा सेल १.५ व्होल्टचा, हा १.२ चा. तीन सेलच्या डबीत ४.५ ऐवजी ३.६ व्होल्ट मिळतात, म्हणजे निळा फिका आणि ब्ल्यूटूथ डळमळीत. सेल चांगले भरलेले असूनही असं होतं, म्हणून लोक चक्रावतात. १.५ व्होल्टचे यूएसबीने चार्ज होणारे लिथियम पेन्सिल सेल आता मिळतात, ते या डबीत छान चालतात. फक्त संपताना आधी सूचना देत नाहीत, झपकन जातात. त्यांच्याच आकाराचा ३.७ व्होल्टचा लिथियम सेलही बाजारात असतो. तो चुकूनसुद्धा या डबीत घालायचा नाही, कंट्रोलर जळेल.

यूएसबीवाल्या ५ व्होल्टच्या माळेला चार निकेल सेलची डबी, म्हणजे ४.८ व्होल्ट, उत्तम जुळते. तिला पॉवर बँकेसारखा मेंदू नसल्याने ती आपणहून बंद होत नाही. चार्जरमधून काढल्या काढल्या मात्र जोडू नका, व्होल्टेज थोडं खाली बसू द्या. चार ताजे अल्कलाइन सेल ६ व्होल्टच्या वर जातात, ते या माळेला नकोत.

कॅनडात किंवा अमेरिकेच्या उत्तरेला दिवाळीची माळ नाताळपर्यंत अंगणात ठेवणाऱ्यांसाठी एवढंच: थंडीत अल्कलाइन सेल ढेपाळतात, तिथे एकदा वापरायचे लिथियम पेन्सिल सेल घ्या. आणि शून्याखालच्या तापमानात पॉवर बँक बाहेर चार्जिंगला लावू नका.

सोसायटीचं गेट, मंडळाचा मांडव

इथे पॉवर बँका गोळा करण्यात अर्थ नाही. १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-अवर) सीलबंद बॅटरी, यूपीएसमध्ये असते ती, घ्या. ८४ वॅट-अवर होतात. निम्म्याच्या खाली उतरवली नाही तर ती टिकते, म्हणजे हाताशी चाळीसेक धरा. १२ व्होल्टच्या माळा सरळ लागतात, ५ व्होल्टवाल्यांसाठी मध्ये १२ चे ५ करणारा कन्व्हर्टर. बॅटरीच्या प्लसवर फ्यूज हवाच, तो नसताना मांडवात बॅटरी ठेवू देऊ नका, कार्यकर्ते कितीही घाईत असले तरी.

ठेवायची कुठे, आवरायची कशी

१०,००० ची पॉवर बँक दोनशे ग्रॅमच्या पुढे जाते. कागदी कंदिलात टांगली तर कंदील फाटून खाली येतो, खालून कोणी जात असेल तर डोक्यातच. ती ग्रिलला पिशवीत बांधा, पणत्यांपासून लांब. मखरातही कापडामागे आणि थर्माकोलमागे कोंबू नका, हवा लागेल अशी ठेवा. केबलला पोर्टच्या खाली एक वळसा द्या, म्हणजे गणपतीतल्या किंवा परतीच्या पावसाचं पाणी तारेवरून ओघळून पोर्टमध्ये न जाता खाली गळेल. दिवसा, विशेषतः पश्चिमेच्या गॅलरीतून, बँक घरात आणा. ऑक्टोबरचं ऊन लिथियमला मानवत नाही. नवीन घेताना मागे ‘आर’पासून सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) नोंदणी क्रमांक आहे का तेवढं बघा.

वसुबारसेपासून त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत साधारण अठरा दिवस कंदील राहतो. तो उतरवताना डबीतले सेल त्याच दिवशी काढा. पुढच्या वर्षी डबी उघडल्यावर पांढरी भुकटी आणि गंजलेली स्प्रिंग दिसते ती राहिलेल्या सेलांची करणी. अल्कलाइन सेल गळला असेल तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन स्प्रिंग पुसायची, मग कोरडी करायची. भुकटीला उघडा हात लावू नका. पॉवर बँक रिकामी करून माळ्यावर टाकायची नाही. निम्मी भरून कपाटात ठेवा आणि तीन-चार महिन्यांनी एकदा बघा. पुढच्या दिवाळीत ती फुगलेली निघाली, तर चार्ज करून बघण्याचा मोह टाळा. टोचायची नाही, कचऱ्याच्या डब्यातही टाकायची नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यायची. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांप्रमाणे जुन्या बॅटऱ्यांची पुढची व्यवस्था लावायची जबाबदारी उत्पादकांवर आहे.